पणजीचं काळं कुंकू

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं वाईला आली की माजघरातल्या भिंतीवरचा एक फोटो खाली उतरतोच. माझ्या आईचा आहे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. नऊवारी, नाकात नथ, हात गुडघ्यांवर, नजर थेट समोर. स्टुडिओत, काचेच्या प्लेटवर काढलेला. यंदा काच पुसता पुसता धाकटीने विचारलं, "आजोबा, पणजी काळं कुंकू लावायची?"

"काळं? छे गं. लालभडक. रुपयाएवढं."

"मग इथे शाईसारखं काळं का दिसतंय? लाल रंग तर राखाडी यायला हवा."

मला फार आनंद झाला. हा फोटो घरातल्या तीन पिढ्यांनी पाहिला, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मोठा तिथेच बसला होता, गळ्यात त्याचा नवा फुजीफिल्मचा कॅमेरा. आल्यापासून तो त्यातल्या एका यादीशी खेळत होता: प्रोव्हिया, वेल्विया, अस्टिया, क्लासिक क्रोम, अ‍ॅक्रॉस. एक नाव निवडलं की अंगणातला झेंडू भडक व्हायचा, दुसरं निवडलं की उदास. त्याला वाटत होतं ही फोनमधल्यासारखी नुसती सजावट आहे.

"त्यातली बहुतेक कुणाची तरी नावं आहेत," मी म्हटलं. "पूर्वी डब्यांतून मिळणाऱ्या फिल्मांची. प्रत्येकीची नजर वेगळी होती. पणजीचा फोटो ज्या प्लेटने पाहिला तिचीही नजर होती, आणि त्या नजरेत लाल रंग नव्हता. बसा इथे. कुंकवापासूनच सुरुवात करू."

चांदीचा ब्रोमिनशी संयोग झाला की फिकट पिवळसर स्फटिक तयार होतात. चांदीचं मीठच म्हणा ना. एकेक स्फटिक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, कमीजास्त. त्यावर प्रकाश पडला की आत एक छोटी घडामोड होते: प्रकाशाचा कण एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि त्याच्या ओढीने चांदीचा एक अणू सुटा होतो. मग दुसरा, तिसरा. असे चार-पाच अणू एका जागी जमले की काम झालं. डोळ्यांना काही दिसत नाही. फिल्म होती तशीच पांढुरकी. पण फोटो त्यात उमटलेला असतो.

"मग दिसतो कसा?"

"विरजणासारखा." भांडंभर दुधात चमचाभर दही घातलं की सगळ्या दुधाचं दही होतं. इथे ते चार-पाच अणू म्हणजे विरजण. डेव्हलपरच्या पाण्यात फिल्म बुडवली की ज्या स्फटिकाला विरजण लागलंय तो अख्खा, त्यातल्या अब्जावधी अणूंसकट, काळी चांदी होऊन जातो. ज्याला लागलं नाही तो तसाच राहतो, आणि त्याला हायपोचं पाणी विरघळवून नेतं. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच पाहून ठेवलं होतं, फोटोग्राफी जन्माला यायच्या वीस वर्षं आधी. सबंध जगाच्या वर्तमानपत्रांतले, लग्नांतले, रणांगणांवरचे फोटो शंभरेक वर्षं या विरजणावर लागत होते.

विरजणाचीच आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात आवडते. हे स्फटिक काचेवर किंवा फिल्मवर धरून ठेवायला जिलेटिन लागतं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेली स्वच्छ खळ. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅकच्या प्रयोगशाळेत कोडं पडलं होतं की एका जिलेटिनची फिल्म चपळ निघते आणि दुसऱ्याची मंद. चांदी तीच, कृती तीच. सॅम्युअल शेपर्ड या रसायनशास्त्रज्ञाने माग काढला आणि १९२५ मध्ये उत्तर छापलं. चपळ फिल्मच्या जिलेटिनमध्ये गंधकाची काही संयुगं अत्यल्प प्रमाणात होती. ती आली कुठून? गाईंनी कुरणात खाल्लेल्या मोहरीच्या झाडांतून! फोडणीतल्या मोहरीचा जो झणका नाकात जातो, त्या जातीच्या गंधकाने स्फटिकांवर इवलेसे ठिपके तयार होतात आणि सुटे झालेले चांदीचे अणू तिथे गोळा होतात. कोडॅकच्या प्रयोगशाळेचे प्रमुख केनेथ मीस लोकांना सांगायचे की गाईंना मोहरी आवडली नसती तर सिनेमाच नसता.

धाकटीने स्वयंपाकघरातून चिमूटभर मोहरी आणून फोटोसमोर ठेवली. ती दिवाळी होईपर्यंत तिथेच होती.

आता कुंकू. चांदीच्या या मिठाला मुळात निळा नि जांभळा प्रकाशच कळतो. निळ्या प्रकाशाच्या कणात जोर जास्त असतो, तो इलेक्ट्रॉन उपटून काढतो. लाल प्रकाशाचा कण अशक्त, कितीही आले तरी दार उघडत नाही. म्हणून सुरुवातीच्या फोटोंत निळं आकाश कोरं पांढरं येई, ढग हरवून जात आणि लाल वस्तू काळ्याठिक्कर पडत. माझ्या तरुणपणी मी मागच्या न्हाणीघरात डार्करूम केली होती. तिथे लाल दिवा लावून मी तासन्‌तास प्रिंट काढत असे, कारण प्रिंटच्या कागदाला लाल उजेड म्हणजे अंधारच. ज्या आंधळेपणामुळे माझं काम चाले, त्याच आंधळेपणाने आईचं कुंकू काळं केलं.

हा आंधळेपणा थोडा थोडा करून गेला. बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये दिसलं की काही प्लेटांना हिरवाही कळतोय. त्या प्लेटांत वेगळ्याच कारणासाठी एक रंग मिसळलेला होता. तो रंग हिरवा प्रकाश पिऊन त्याचा जोर शेजारच्या स्फटिकाला देत होता. चांदीला जे ऐकू येत नव्हतं ते रंग तिच्या कानात सांगत होता. पुढे लाल सांगणारे रंगही सापडले, पण हिरवं शिकलेल्या आणि लाल न शिकलेल्या प्लेटा कितीतरी वर्षं स्वस्तात मिळत राहिल्या. आईचा फोटो तसल्याच प्लेटवरचा. तिचा चेहराही त्यात आहे त्याहून सावळा दिसतो, कारण माणसाच्या कातडीत तांबूसपणा असतो आणि तो प्लेटला दिसत नव्हता.

"आजोबा, हे आपल्याला करून बघता येईल?" मोठ्याने विचारलं. त्यासाठी तर कॅमेरा होता.

आजीला ओसरीवर बसवलं. मी मोठ्याला सांगितलं, फोटो रॉ स्वरूपात घे. रॉ म्हणजे न धुतलेला रोल. सेन्सरने जे मोजलं ते जसंच्या तसं. त्याच्या कॅमेऱ्यात अशी सोय आहे की एकच रॉ फोटो कॅमेऱ्यातच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या फिल्मांच्या नजरेने धुऊन काढता येतो. आमच्या वेळी एक रोल एकदाच धुता यायचा. चुकला की गेला.

पहिल्यांदा नुसतं अ‍ॅक्रॉस. ही फुजीची काळीपांढरी फिल्म, आणि कॅमेऱ्यातलं तिचं रूप २०१६ मध्ये आलं. आजीचं कुंकू मध्यम राखाडी आलं. मग अ‍ॅक्रॉस, पण लाल फिल्टरसह. मेन्यूत ते शेजारीच असतं, आणि भिंगापुढे लाल काच धरल्यावर जे होतं ते कॅमेरा गणिताने करतो. लाल काचेतून लाल वस्तू उजळ दिसते. कुंकू कपाळात विरघळून गेलं. आजी पडद्याकडे बघून एकदम म्हणाली, "हा ठेवू नका रे बाळांनो. पुसून टाका." मोठ्याने तो लगेच पुसला.

मग अ‍ॅक्रॉस आणि हिरवा फिल्टर. कुंकू गडद झालं, ओठही गडद झाले. अजून आईच्या फोटोसारखं नव्हतं. प्लेटला निळा रंग फार जोरात दिसायचा, तो जोर कुठून आणायचा? मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरं मानायचं ती सेटिंग, केल्विनमध्ये खाली, २८०० वर आणायला सांगितलं. एरवी तेवढ्याने रंगीत फोटो निळाशार होतो. काळ्यापांढऱ्यात निळा दिसत नाही, पण निळ्या वस्तू उजळतात. वर जे थोडं आकाश होतं ते पांढरं झालं, आजीच्या कपाळावर शाईचा टिळा उमटला, आणि धाकटी ओरडली, "पणजी!"

त्या दिवसानंतर मोठा त्या यादीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघू लागला. प्रत्येक नावामागे काय आहे ते विचारू लागला.

रंगीत फिल्मची हकिगत मी थोडक्यात सांगितली. एकाखाली एक तीन मुख्य थर, एकाला निळा कळतो, एकाला हिरवा, एकाला लाल. धुताना प्रत्येक थरात एकेक रंग तयार होतो. १९३५ मध्ये कोडाक्रोम आणणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे संगीतकार होते, एक पियानोवाला, एक व्हायोलिनवाला. गडद अंधारात घड्याळ बघता येत नाही, म्हणून ते ब्राम्सच्या सिंफनीची धून ठरलेल्या लयीत शिळेवर वाजवत प्लेटा धुण्याचा वेळ मोजत. आपल्याकडे तबलजीने तीनतालाची आवर्तनं मोजून हेच केलं असतं. कोडाक्रोम २००९ मध्ये बनायची थांबली. शेवटचा एक रोल स्टीव्ह मॅक्करी यांना मिळाला. त्यातले काही फोटो त्यांनी मुंबईत हिंदी सिनेमातल्या कलाकारांचे काढले.

फुजीची फिल्म जपानमध्ये १९३४ पासून हाकोनेच्या डोंगरापायथ्याशी, आशिगाऱ्याला बनू लागली. फिल्मला नितळ पाणी लागतं, ते तिथे होतं. वेल्विया १९९० ची. तिची गती मंद, पण हिरवा नि लाल असे उमटायचे की डोंगरदऱ्यांचे फोटो काढणारे तिच्या प्रेमात पडले. रंगीत फिल्ममध्ये एक थर धुतला जात असताना त्यातून सुटणारी द्रव्यं शेजारच्या थराला आवर घालतात, त्यामुळे रंग एकमेकांत मिसळत नाहीत, झळाळून निघतात. जपानी लोक एक शब्द वापरतात, आठवणीतला रंग. आकाश जेवढं निळं असतं त्याहून आपल्याला निळं आठवतं. वेल्विया तशी आठवते. अस्टिया चेहऱ्यांशी मऊ वागते. क्लासिक क्रोममध्ये रंग दबलेले, सावल्या घट्ट, जुन्या मासिकांतल्या छायाचित्रांसारख्या. माझं मत विचाराल तर झेंडूला वेल्विया नको. तो मुळातच ओरडतो. त्याला अस्टियात घ्या.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोठा हिरमुसून आला. पणत्यांचे फोटो फिके येत होते. उजेड होता, ज्योत होती, पण ती सोनेरी ऊब नव्हती. मी बघितलं, व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता.

फिल्मला असा ऑटो नव्हता. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म साधारण ५५०० केल्विनच्या प्रकाशाला पांढरं मानायची आणि त्यावर ठाम राहायची. पणतीचा उजेड २००० केल्विनच्या आसपास, म्हणजे तांबूस. म्हणून जुन्या रंगीत फोटोंत पणत्या, समया, साठ वॉटचे बल्ब सगळे नारिंगी आहेत आणि ट्यूबलाइटखालचे पाहुणे हिरवट. ऑटो कॅमेरा मात्र दर फोटोला विचार करतो, अरे, इथे जरा जास्त पिवळं आहे, धुऊन टाकू. तो बल्बचा पिवळेपणा धुतो आणि पणतीची मायाही धुतो. मी व्हाइट बॅलन्स डेलाइटवर नेऊन ठेवला, आणि त्याला सांगितलं की आता उगाच हात लावायचा नाही. फिल्मसारखा फोटो हवा असेल तर माझ्या मते पहिली गोष्ट हीच. सकाळ गारठ्याची निळसर दिसू दे, संध्याकाळ तांबूस दिसू दे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो असत आणि ते छत्तीसही एकाच नजरेने पाहिलेले असत. त्यामुळे ते एकमेकांचे भाऊ वाटत.

धाकटी पणत्यांच्या ओळीकडे बघत म्हणाली, "आता गरम दिसतंय."

दुसऱ्या दिवशी उन्हाचा प्रश्न आला. अंगणात दोरीवर माझं धोतर वाळत होतं, मागे शरदाचं ऊन. मोठ्याच्या फोटोत धोतराच्या जागी नुसतं पांढरं भगदाड. ना चुणी, ना वीण.

सेन्सर म्हणजे पागोळ्यांखाली ओळीने मांडलेल्या बादल्या समजा. जितका प्रकाश पडेल तितकं पाणी. दुप्पट पाऊस, दुप्पट पाणी, हिशेब अगदी सरळ. पण बादली भरली की भरली. पुढचं सगळं वाहून जातं, आणि काठोकाठ भरलेल्या दोन बादल्यांपैकी कुणावर जास्त पाऊस पडला हे सांगता येत नाही. धोतराच्या बादल्या वाहून गेल्या होत्या.

फिल्मचं तसं नव्हतं. इंग्लंडात विडनेस गावच्या रसायनांच्या कारखान्यात फर्डिनंड हुर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड नावाचे दोन गृहस्थ काम करत, आणि फोटोग्राफी हा त्यांचा छंद. त्यांनी मोजमाप करून १८९० मध्ये आलेख मांडला: प्रकाश किती पडला आणि प्लेटवर चांदी किती जमली. तो आलेख कसा दिसतो हे वाईच्या माणसाला सांगावं लागत नाही. कृष्णेकाठी सपाट, मग पसरणीचा घाट चढत जातो, आणि वर पाचगणीचं पठार आलं की रस्ता पुन्हा हळूहळू सपाट होतो. कारण उघड आहे. प्रकाश वाढत जातो तसे न वापरलेले स्फटिक कमी कमी उरतात, म्हणून चांदी जमण्याचा वेग मंदावत जातो. फिल्म पांढऱ्याकडे जाताना कड्यावरून पडत नाही, पठारावर पोचते. धोतराची चुणी त्या पठारावर शिल्लक राहते.

कॅमेऱ्यात हे पठार बांधावं लागतं. डायनॅमिक रेंज नावाची सेटिंग आहे, १००, २००, ४००. चारशेवर ठेवली की कॅमेरा मुद्दाम एक चतुर्थांशच प्रकाश साठवतो. बादल्या भरत नाहीत. मग अंधाऱ्या भागांना तो हळूच वर उचलतो आणि उजळ भागांना पठारावर नेऊन बसवतो. यासाठी आय. एस. ओ. थोडा चढा लागतो आणि सावल्यांत थोडी खरखर येते. ती मला चालते. त्यावर हायलाइटची सेटिंग एखाद अंकाने खाली. दुसऱ्या खेपेला धोतराच्या चुण्या दिसल्या, दोरीची सावलीही दिसली. या एका गोष्टीवर मी मुलांना बराच वेळ धरून ठेवलं, कारण डिजिटल फोटो कोरडा वाटतो तो रंगामुळे कमी आणि या तुटलेल्या पांढऱ्यामुळे जास्त, असं मला मनापासून वाटतं.

खरखरीवरून कणांचा विषय निघाला, आणि तो समजवायला दारातली रांगोळी पुरली. धाकटीने सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढली होती. आजीने त्याआधी सडा घातला होता. "हे बघ," मी म्हटलं, "तुझ्या दादाचा सेन्सर म्हणजे तुझे ठिपके. ओळीत, सारख्या अंतरावर. फिल्म म्हणजे आजीचा सडा. थेंब लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ." बहुतेक सेन्सरांवर चार खणांचा एकच नमुना पुन्हा पुन्हा येतो, दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. फुजीने आपल्या एक्स-ट्रान्स सेन्सरांत नमुना सहा बाय सहाचा केला, सड्याच्या थोडं जवळ जावं म्हणून. ग्रेन इफेक्ट चालू केला की कॅमेरा फोटोवर सडा घालतो, हलका किंवा जोरात, थेंब बारीक किंवा मोठे. अ‍ॅक्रॉसमध्ये तर कण फोटोतल्या उजेड-अंधाराप्रमाणे बदलतात. पण त्याआधी शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन दोन्ही खाली आणायला हवेत. सारवलेल्या अंगणात सडा शोभतो, फरशीवर नाही.

भाऊबीजेला मुलं निघायची होती. आदल्या दुपारी धाकटी पुन्हा त्या फोटोपाशी. "आजोबा, पणजीची साडी कुठल्या रंगाची होती?"

मला माहीत नव्हतं. हा फोटो माझ्या जन्माआधीचा. पण आता आमच्याकडे पणजीच्या प्लेटची नजर होती. मोठ्याने कॅमेरा तसाच लावला, अ‍ॅक्रॉस, हिरवा फिल्टर, २८०० केल्विन. आजीने कपाटातल्या साड्या खिडकीच्या उजेडात पलंगावर पसरल्या. हिरवी फिकी आली. निळी त्याहून फिकी. लाल आणि डाळिंबी काळपट, कुंकवाच्या जवळपास. फोटोत नऊवारी काळपट आहे आणि काठ उजळ. म्हणजे साडी लाल जातीची, काठ हिरवा किंवा निळा. इथवर आम्ही पोचलो.

आजी काही न बोलता आत गेली आणि ट्रंकेच्या तळातून एक गोधडी घेऊन आली. सासूबाईंच्या हातची. मधे एक पट्टी होती, बरीच विटलेली, तरी डाळिंबी कळत होती. तिच्या कडेला बोटभर हिरवा काठ. "त्या म्हणायच्या, ही माझ्या पहिल्या वर्षाची," आजी म्हणाली.

मोठ्याने पट्टीचा फोटो घेतला. रंग उडालेला, म्हणून भिंतीवरच्या फोटोपेक्षा किंचित फिकी आली. पण काठ तसाच उजळ, तेवढाच. धाकटीने फ्रेम उचलून गोधडीवर ठेवली, पट्टीला लावून, आणि पणजीच्या खांद्यापासून काठावरून बोट फिरवत खरोखरच्या कापडापर्यंत आणलं.